भोंगा सगळ्यांसाठी

नदीकाठच्या त्या गावात वरच्या धरणाचं पाणी सोडलं की दर वेळी एकच गोंधळ उडायचा. काहींना कळायचंच नाही, काही जण भांडी आवरत बसायचे, तर काही गच्चीवर चढून गंमत बघायचे. म्हणून नगरपालिकेच्या आपत्ती विभागातल्या अधिकाऱ्याने वर्षभर खपून एक योजना बसवली. एक भोंगा, वर जाणारा एकच रस्ता आणि टेकडीवरचं मैदान. श्रीमंत असो की गरीब, नियम सगळ्यांना सारखा!

सकाळच्या चहाला तो आराखडा घेऊनच बसला. समोर थोरली बहीण. तरुणपणीच्या एका तापात ताईचे कान गेले होते. बोलणं मात्र खणखणीत होतं, आणि समोरच्याच्या ओठांवरून ती शब्द न् शब्द टिपायची. घरबसल्या पुस्तकं बांधून तिने या भावाला शिकवलं होतं, त्यामुळे ऑफिसातले साहेब घरात अजून ‘धाकट्या’च होते.

“भोंगा कुठपर्यंत पोचतो रे?” तिने विचारलं.

“अगदी शेवटच्या घरापर्यंत. स्वतः जाऊन ऐकलाय.”

“माझ्यापर्यंत नाही पोचत.”

तो हसला. “तुला सांगायला आम्ही आहोत ना!”

“माझं जाऊ दे. आमच्या कर्णबधिरांच्या मंडळात पन्नास-साठ माणसं आहेत. खालच्या गल्लीतला सुतार घे. बायको कामावर, हा दिवसभर तळघरात एकटा. भोंग्याबरोबर पेटेल असा एक दिवा लावून द्या त्याच्याकडे. नाहीतर शेजाऱ्याला नेमून द्या, याला घेऊनच निघायचं म्हणून.”

अधिकाऱ्याने कप खाली ठेवला. “ताई, आज तुम्हा मंडळींना दिवे दिले की उद्या चालता न येणारे गाडी मागतील. परवा आणखी कोणी. लोक म्हणतील, साहेबाने बहिणीसाठी सोय केली. एकदा असं सुरू झालं की थांबायचं कुठे?”

“सगळे वर पोचले की थांबायचं,” ताई म्हणाली. “तूच लिहिलंयस ना, सगळ्यांचा जीव वाचवणे? मग भोंगा सगळ्यांसाठी वाजला की तुझं काम संपतं, की सगळे वाचले की संपतं? पायरी चढता येते त्याला जिना पुरतो. ज्याला येत नाही, त्याला तोच जिना दाखवून ‘बघ, तुलाही सारखंच दिलं’ म्हणायचं, याला काय अर्थ आहे?”

त्याला पटलं नाही असं नव्हे. पण वरिष्ठांची सही झाली होती, आणि बसलेली घडी आता मोडायची म्हणजे पुन्हा सगळी डोकेदुखी. “पुढच्या वर्षी बघू,” तो म्हणाला आणि बूट घालायला उठला. पुढच्या वर्षी बघू! आपल्यापैकी किती जणांनी हे शब्द सहज उच्चारले असतील!

पुढचं वर्ष उजाडायच्या आतच पाणी आलं. भरदुपारी धरणावरून फोन आला आणि अधिकाऱ्याने स्वतःच्या हाताने भोंग्याचं बटण दाबलं. खिडकीतून त्याने पाहिलं, तर घराघरांतून माणसं निघाली, ठरल्या रस्त्याने चालू लागली. ना आरडाओरडा, ना चेंगराचेंगरी. वरिष्ठांनी त्याची पाठ थोपटली.

आणि तेव्हाच त्याला आठवलं. त्याची बायको आज शाळेत शिकवायला गेली होती. घरात ताई एकटी!

त्याने मेसेज पाठवला, तो जाईना. फोन करून उपयोग नव्हता. तो धावत खाली निघाला, तर वाटेत अडथळे लावलेले. तिथल्या तरुण पोलिसाने हात आडवा धरला.

“खाली कोणालाही सोडायचं नाही, साहेब.”

“माझी बहीण आहे खाली! तिला ऐकू येत नाही!”

“तुमचाच आदेश आहे, साहेब,” पोलीस खालच्या आवाजात म्हणाला. “मी काय करू?”

अधिकारी अडथळ्याशीच थांबला. माणसांचा लोंढा अंगावरून वर चालला होता आणि तो त्यात एकेक चेहरा शोधत उभा होता. खालची गल्ली तिथून दिसत होती. गढूळ पाणी पायऱ्या चढत होतं, एखाद्या वाट माहीत असलेल्या माणसासारखं.

लोंढ्याच्या अगदी शेवटी ताई दिसली. कमरेपर्यंत भिजलेली, दोघा स्वयंसेवकांनी दंडाला धरून आणलेली. त्याने तिला मिठी मारली. तिने त्याला दूर लोटलं.

“सुतार आतच आहे!” ती किंचाळली. “गॅलरीतून माणसं पळताना दिसली, तशी आधी त्याच्याकडेच गेले. तळघराला आतून कडी. मी दार बडवतेय, बडवतेय! अरे, बहिऱ्याचं दार बडवून काय होणार? यांनी मला ओढून आणलं रे!”

बचावाची बोट निघाली तोवर गल्ली दिसेनाशी झाली होती. अधिकारी मैदानावर उभा राहिला. सगळं गाव वर होतं आणि एक माणूस नव्हता. हातात वायरलेस होता, हाताखाली माणसं होती, खिशात शिक्का होता. करता येण्यासारखं काहीच नव्हतं.

पाणी ओसरल्यावर सुतार सापडला. दाराशीच.

अधिकारी ताईला घेऊन त्याच्या घरी गेला. सुताराची बायको धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. त्या दुपारी तिथल्या बायकांनी तिला हाताला धरून टेकडीवर नेलं होतं. तीही ऐकू न येणारी. तिने अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि हातांनी काहीतरी विचारलं. हळू, स्पष्ट. त्याला एक अक्षर कळलं नाही.

“काय म्हणतात त्या?”

ताई त्याच्याकडे वळली. “विचारतेय, दिवा बसवायला किती वेळ लागला असता?”

एखादी दुपार, फार तर. त्याला ठाऊक होतं. त्या बाईने थोडा वेळ त्याच्या ओठांकडे निरखून पाहिलं, मग मान फिरवली.

माफी तिने दिली नाही, आणि त्याने मागितलीही नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने वरिष्ठांपुढे योजना ठेवली आणि म्हणाला, “साहेब, ध्येय तेच ठेवू, सगळे वाचले पाहिजेत. पण वाट एकच ठेवून आपण सगळ्यांना सारखं वागवलं नाही. ज्यांना ती वाट जमते, तेवढ्यांनाच वाचवलं.”

“सगळं कसं पुरं पडणार?” वरिष्ठ म्हणाले.

“माहीत नाही. पण विचारल्याशिवाय तर काहीच कळणार नाही.”

आता तो ताईला बरोबर घेऊन दारोदार फिरतो. दिवे बसले, शेजारी नेमले गेले. यंत्रांच्या खडखडाटात ज्यांना भोंगा ऐकू येत नसे, त्या कामगारांनाही दिवे कामी येऊ लागले. तरी रोज एखादं दार असं उघडतं की योजनेत नवी ओळ लिहावी लागते.

वाचकहो, सगळ्यांना एकच गोष्ट देणं म्हणजे समता नव्हे. सगळ्यांनी पोचायचं ठिकाण एक असावं, आणि तिथे पोचायला ज्याला जे लागेल ते त्याला मिळावं. नियम करणाऱ्याने आधी दारोदार जाऊन हे विचारावं; नंतर विचारलं तर उत्तर द्यायला तो माणूस असेलच, असं नाही.

काल चौथ्या मजल्यावरच्या एका खोलीत वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली एक म्हातारी भेटली. अधिकाऱ्याने नेहमीचा प्रश्न विचारला, “आजी, पाणी आलं तर तुम्ही काय कराल?”

“मी काय करणार, बाबा?” ती म्हणाली. “तू काय करशील ते सांग.”

तो खुर्ची ओढून तिच्या उशाशी बसला.