दुबार मेल

“काका, अजून एकदा बघा की. नावानं बघा, देवणीनं बघा.”

संगप्पांनी कार्यालयाच्या मेलमध्ये ‘देवणी’ लिहून पुन्हा शोधलं. विजेच्या बिलाची पत्रं आली, पोषण आहाराचा तक्ता आला, मुख्याध्यापकांच्या रजेचा अर्जही आला. समोर बसलेल्या रेणुकाचा अर्ज काही आला नाही. तो येणार नाही हे संगप्पांना आठवड्यापासून ठाऊक होतं. तरी ते शोधत होते, कारण शोधणं थांबवलं की बोलावं लागणार होतं.

रेणुकाचे वडील साहेबराव शिक्षणसंस्थेच्या देवणीच्या शाळेत शिपाई होते. नोकरीत असतानाच गेले. त्यांच्या मागं मुलीला अनुकंपावर घ्यायचं तर वर्षाच्या आत अर्ज आलेला हवा. पोरीनं तो दहाव्या महिन्यातच केला होता, गावातल्या नेट सेंटरवाल्या मल्लेशकडून, त्याच्याच मेलवरून. तेव्हा जागा नव्हती, म्हणून अर्ज पुढं गेला नाही. आता जागा निघाली होती, वर्ष उलटून तीन महिने झाले होते, आणि वरच्या कार्यालयानं अर्ज मुदतीत आल्याचा पुरावा मागितला होता.

“मल्लेशकडं असंल की पाठवलेलं,” संगप्पा म्हणाले.

“सेंटर बंद करून हैदराबादला गेला त्यो. फोन केला तर म्हणतो, ते मेल कवाच बंद पडलं.”

संस्थेच्या लातूरच्या या कार्यालयात संगप्पांची बत्तीस वर्षं गेली होती. लाल कापडात बांधलेल्या बस्त्यांपासून त्यांनी सुरुवात केली. एका कागदाला एक जागा, आणि दुबार कागद दिसला की फाडायचा, हे त्यांचं शास्त्र. दुबार कागद ठेवला की ऐन वेळी नको तो हाती लागतो, असं ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवत. घरात चष्मा सापडत नसे, पण संगप्पांचा कागद कधी हरवला नव्हता. मेल आली तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा आता बसला. पण फोल्डर म्हणजे बस्ताच की! त्यांनी शाळागणिक फोल्डर केले आणि पोरासोरांना लाजवलं.

मग नांदेडहून प्रियदर्शनी मॅडम अधीक्षक म्हणून आल्या आणि त्यांनी फोल्डर मोडीत काढले.

“काका, शिपायाचा अर्ज तुम्ही शाळेत टाकता आणि मी अनुकंपात शोधत बसते,” त्या म्हणाल्या होत्या. “आता टॅग लावायचे. एका मेलला दोन लावा, चार लावा. तुमच्या कॉम्प्युटरवर, लेखा विभागात, माझ्या केबिनमध्ये, सगळीकडं सारखंच दिसेल.”

“म्हंजे झेरॉक्सा निघत्यात म्हना.”

“तसंच समजा,” मॅडम म्हणाल्या. त्यांना मीटिंगला जायचं होतं.

संगप्पांनी तसंच समजून घेतलं. पण जीव रमेना. रेणुकाचाच अर्ज घ्या. तो ‘देवणी शाळा’खाली होता, ‘अनुकंपा’खालीही होता, आणि असा तिन्ही कॉम्प्युटरवर. एका अर्जाच्या सहा प्रती! दिवाळीच्या सुट्टीत कार्यालय सामसूम असताना त्यांनी बाह्या सरसावल्या. केबिनमधली अनुकंपाची प्रत ही मूळ प्रत, असं त्यांनी ठरवलं आणि आपल्या मशीनवरच्या शाळांखालच्या दुबार प्रती एकेक करून उडवल्या. केबिनमध्ये डोकावायला ते गेले नाहीत. दुसऱ्याचं दप्तर उघडायचं नाही, हेही त्यांचं शास्त्रच होतं. घरी जाऊन बायकोला, अंबिकाला, म्हणाले, “आज समदं आफिस झाडून आलो बघ.” त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं होतं.

जागा निघाल्यावर, गेल्या आठवड्यात मॅडमनी ‘अनुकंपा’ उघडलं. रिकामं.

“काका, मेल एकच असते हो,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “टॅगच्या चिठ्ठ्या फक्त अनेक असतात. तुम्ही मेलच फाडली.” कचऱ्याची टोपलीसुद्धा तीस दिवसांनी आपोआप रिकामी झाली होती.

आता संगप्पांनी हे सगळं रेणुकाला सांगितलं. काही लपवलं नाही. पोरगी शिव्या देईल असं त्यांना वाटलं होतं, आणि दिल्या असत्या तर बरंच झालं असतं.

“तुमी वाचला व्हता ना पन?” तिनं विचारलं.

“हाव. वाचला व्हता.”

“मग तसं लिहून द्या.”

लेखा विभागातल्या भागवतनं संगप्पांना बाजूला घेतलं. “कामून फाशी घेऊन राहिले? आवक रजिस्टरात मागच्या तारखेला एक ओळ घुसवा की. कोन बघतंय?”

संगप्पांनी रजिस्टर काढलं; त्यात फक्त कागदी टपाल चढायचं, मेल नाही. खोटं लिहायला त्यांचा हात या एका वेळी तयार होता. पण अर्ज आला त्या सप्टेंबरच्या पानांवर एकही ओळ कोरी नव्हती. कोरी ओळ सोडायची नाही हा नियम त्यांनीच घातला होता. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

शेवटी त्यांनी कबुली लिहिली. अर्ज मुदतीत आला होता, मी वाचला होता, माझ्या हातून नष्ट झाला. मॅडमनी कागद वाचून खाली ठेवला. “काका, निवृत्तीला सात महिने राहिलेत. चौकशी लागेल.”

“लागू द्या.”

चौकशी लागली. रेणुकाच्या प्रकरणाचं उत्तरही तीन आठवड्यांत आलं. संबंधित लिपिकाचा जबाब हा अर्ज प्राप्त झाल्याचा पुरावा मानता येत नाही, सबब प्रस्ताव अमान्य. जागेवर यादीतला पुढचा माणूस घेतला गेला.

हे सांगायला संगप्पांनी फोन केला नाही, तिला बोलावून घेतलं. रेणुका सकाळच्या एसटीनं आली. तिनं उत्तर वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, आणि परत दिलं.

“आता कुटं जायचं?”

“जायला जागा न्हाई गं माय,” संगप्पा म्हणाले.

रेणुकानं टेबलावरचे कोरे कागद मागून घेतले आणि अर्ज लिहिला, तोच, वडिलांच्या नावापासून. दोन प्रती केल्या आणि पुढं सरकवल्या.

“ह्याचा काय बी उपेग न्हाई, बाई. मुदत गेली.”

“ठावं हाय काका. मेलची पोच कोनी देत न्हाई. ह्याची द्या.”

संगप्पांनी एक प्रत ठेवून घेतली. दुसरीवर शिक्का मारला, आवक क्रमांक घातला, आजची तारीख टाकली आणि खाली पूर्ण सही केली. रेणुकानं शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला, घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि देवणीच्या गाडीची वेळ विचारली.