काहून

"गुलाबराव, तुमचा पोट्टा खोलीत बसून खून-खून ओरडून राहिला," श्यामराव चहाची कपबशी ओट्यावर ठेवत म्हणाले. "मराठीतच हाय. म्या सोताच्या कानानं आयकलं."

"अंग्रेजी हाय ते. ब्लॅक मेटल म्हणते त्याले."

"लावता शर्त?"

"हव, लावली. मराठी निघाली तर वहिनीचं लुगडं नेसून चौकात भुलाबाईचं गाणं म्हणतो. अंग्रेजी निघाली तर तुम्ही नेसा."

"लुगडं माझं," पद्मिनीवहिनी आतून बोलल्या, "मले कोणी इचारलं का?"

गुलाबराव रायपूरच्या पंडरी बाजारात कापडाच्या दुकानात होते आणि शर्त कधी हरत नसत, कारण खरं खेळतच नसत. छत्तीसगड वेगळं झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हा याच माणसानं आपल्या गुढियारी मोहल्ल्यात उठवलं होतं की आता नागपूरला जायला पासपोर्ट लागणार. अर्ध्या मोहल्ल्यानं फोटो काढून ठेवले होते.

पण घरात त्यांची एक थाप चालत नव्हती. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको रमा गेली आणि तिच्यामागून घरातली मराठीही गेली. भार्गव बापाशी बोलायचा ते हिंदीत, तेही मोजून. हाँ. नहीं. खाना रखा है. ऑफिसातून आला की दार लावून एकटाच ड्रम, एकटाच गिटार, एकटाच गळा फाडायचा. अल्बम करतोय, एवढंच ठाऊक. पोरानं एकदा घरच्यासारखं 'बाबा' म्हणून दोन शब्द बोलावे, यासाठी गुलाबरावांनी आजवर जिंकलेल्या सगळ्या शर्ती परत केल्या असत्या.

रविवारी दुपारी ते गाण्याचे कागद चोरून वाचायला खोलीत शिरले. भार्गव आतच होता.

"क्या हुआ?"

"काही नाही. मिक्सर जळून राहिला का, ते पाहाले आलो."

भार्गव हसला नाही. त्यानं हेडफोन काढून बापाच्या डोक्यावर चढवला.

आधी नुसतं मधमाश्यांचं पोळं उठलं. त्यात ड्रम, कोणी पत्रे बडवावे तसे. मग पोराचा फाटका गळा, "काहून! काहून!" श्यामरावांना ऐकू आलेला 'खून' तो हाच, 'का' विचारणारा. आणि या सगळ्याच्या खाली, टिपऱ्यांच्या ठेक्यावर, जुन्या कॅसेटच्या खरखरीतून रमा गात होती:

भुलाबाई रायपुरा आली,
काहून आली वं, काहून आली?

एवढ्यावरच आवाज तुटला.

"आगे टेप कट गया है," भार्गव म्हणाला. "बहुत ढूँढा. आगे क्या था?"

गुलाबरावांना पाठ होतं. पुढची ओळ रमानं स्वतः जोडली होती, त्यांना चिडवायला, आणि दर भुलाबाईला बायकांमध्ये मुद्दाम मोठ्यानं म्हणायची. त्यांनी हेडफोन उतरवून पोराच्या हातात दिला.

"उद्या पाच वाजता चौकात ये," एवढं म्हणून ते बाहेर पडले.

अंग्रेजी आहे म्हणून सांगितलं असतं तर कोण तपासणार होतं? पण ते सरळ श्यामरावांच्या ओट्यावर गेले. "मराठी हाय. हरलो."

श्यामराव घाबरले. "यात काही डाव हाय तुमचा."

दुसऱ्या दिवशी पाचला चौकात सायकली थांबल्या, पानवाला पानं सोडून आला. हिरवं लुगडं, त्याखाली दुकानातली पँट, मिशी तशीच. पद्मिनीवहिनींनी हातात टिपऱ्या दिल्या आणि पदर तोंडात कोंबून हसू लागल्या. गर्दीच्या कडेला भार्गव रेकॉर्डर घेऊन उभा होता. गुलाबराव त्याच्याकडेच पाहत गोल फिरले.

"भुलाबाई रायपुरा आली, काहून आली वं, काहून आली?" इथं ते अडले. टिपऱ्या वाजवत राहिले. मग एका दमात म्हणून टाकलं, "नवरा हसवते वं, म्हून राह्यली."

बघायला जमलेल्या बायका हसायच्या थांबल्या. दोघीतिघींना ती ओळ कोणाची ते आठवलं असावं.

भार्गव पुढं आला. डोळे लाल होते. "बाबा, परत एकदा म्हणा ना. रेकॉर्डर चालू नव्हता."

रेकॉर्डरचा लाल दिवा गुलाबरावांना चांगला दिसत होता. पोट्टा थाप मारत होता, तीही मराठीत.

त्यांनी घसरलेला पदर कमरेला खोचला, टिपऱ्या उचलल्या आणि पहिल्यापासून सुरू केलं.