फटाण्याचं उत्तर

आमच्या गुजरातेत, अमरेलीकडे, लग्नात बायका समोरच्या बाजूला गाण्यातून शिव्या घालतात, त्याला फटाणं म्हणतात. वरमाईच्या पदरापासून वराच्या बापाच्या धोतरापर्यंत काही सोडत नाहीत. एका बाजूने गायलं की दुसरीने त्याच चालीत तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. गप्प बसली ती बाजू हरली. चार गावांत लाभूभाभीसारखी बेशरम गाणारी नाही असं लोक म्हणतात, आणि ती लाभूभाभी मीच.

मला आयुष्यात एकदाच कुणी हरवलं, ते जलपाने. तिच्या मावसबहिणीच्या लग्नात तिने असं काही उत्तर दिलं की आमची अख्खी बाजू पदरात तोंड खुपसून हसली. त्याच मांडवात मी तिला माझ्या दिरासाठी, पीयूषसाठी, मागणी घातली.

लग्नाला दीड वर्ष झालं आणि ही मुलगी सुकत चालली. तो शेतातून उशिरा यायला लागला, ही स्वयंपाकघरातून बाहेर पडेना. गावातल्या बायका पीयूषकडे बघून कुजबुजायच्या. शेवटी बांनी, म्हणजे माझ्या सासूने, मला सांगितलं की श्रावणातल्या सातम-आठमच्या सणाला जलपा माहेरी जाईल आणि मग तिला आणायला कुणी जाणार नाही. मला रडूच फुटलं, कारण मी आणलेली पोर होती ती. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा जलपा एवढंच म्हणाली, "भाभी, मला त्रास होतो," आणि चूल फुंकायला लागली. दुसऱ्या दिवशी मी दोघांना घेऊन अमरेलीला बाईडॉक्टरकडे गेले. पीयूष बाहेर बाकावर बसला.

डॉक्टरीण चांगली होती, पण तिची भाषा इस्त्री केलेली. शारीरिक संबंध, वेदना, कोणत्या अवस्थेत. जलपा मान खाली घालून ओढणीचं टोक पिळत राहिली. डॉक्टरीण माझ्याकडे वळली, की तुम्ही सांगा. आणि काय सांगू, माईकवरून गाणाऱ्या माझ्या तोंडून एक अक्षर फुटेना. साध्या बोलण्यात ते शब्द मी कधी उच्चारलेच नव्हते, सोळा वर्षांच्या संसारात नवऱ्यापाशीसुद्धा नाही. बाहेर बायकांची रांग लागली होती. डॉक्टरणीने उसासा टाकून ताकदीच्या गोळ्या लिहायला घेतल्या.

तो गोळ्यांचा कागद बघून माझं डोकं फिरलं. गोळ्या खाऊन ही माहेरी जाणार, आणि गाव म्हणणार पोरगाच कुचकामी. मी खुर्ची जलपाकडे वळवली आणि हळू आवाजात चाल धरली:

"मिशी पिळून फिरतो बाहेर, आत भरला भुसा गं,
दीड वर्ष निजला जवळ, नवरा तुझा कसा गं."

डॉक्टरणीचं पेन थांबलं. जलपाने मान वर केली. असे डोळे मी त्या मावसबहिणीच्या मांडवात बघितले होते. तिने तीच चाल उचलली:

"नावं नका ठेवू भाभी, पुरुष माझा पुरा गं,
अंग माझं मिटून जातं, आत लागतो सुरा गं."

एवढं गायली आणि मग साध्या बोलण्यातच सगळं बाहेर पडलं. "मी नाही मिटत, भाभी, ते आपोआप मिटतं. मला हवे असतात ते. पण जवळ आले की अंग दगड होतं, आणि मी रडते. मग ते बाजूला होतात, पाणी आणून देतात. एकदाही जबरदस्ती केली नाही. त्यांना भुसा म्हणू नका."

डॉक्टरणीने चष्मा काढून डोळे पुसले. गोळ्यांचा कागद तिने फाडला. तपासलं आणि म्हणाली, हा आजार आहे, कितीतरी बायकांना असतो, बरा होतो. भीतीने स्नायू आवळून बसतात, ते सैल करायचे व्यायाम आहेत, घाई करायची नाही, दर पंधरा दिवसांनी दोघांनी यायचं. किती हलकं वाटलं म्हणून सांगू, मी टेबलावरचं डॉक्टरणीचंच पाणी पिऊन टाकलं.

बाहेर येऊन मी बांना फोन लावला. सांगितलं की आजार आहे, औषधपाणी आहे, जलपा कुठेही जाणार नाही. बा म्हणाल्या, "मग इतके दिवस बोलली का नाही?"

"कुठल्या तोंडाने बोलणार होती, बा? तुम्ही बोलला असता?"

बा म्हणाल्या, पुढच्या वेळी भाड्याचा विचार करू नका, रिक्षाने जा.

फोन ठेवून वळले तर जलपा बाकावर पीयूषशेजारी बसून त्याला हळूहळू सगळं सांगत होती. तो ऐकत होता, आणि गडी माणूस असून त्याचा चेहरा पार ओला झाला होता. मी भिंतीकडे तोंड केलं, पण कान थोडेच बंद होतात.

"मला वाटायचं, मीच तुला नकोसा आहे," तो म्हणाला.

"नकोसे असता," जलपा म्हणाली, "तर भाभी तुम्हाला शिव्या देत होत्या तेव्हा मी गप्प बसले असते."