उशाखालचा इळा

फौजेत बावीस वर्षं रायफल पुसली, आता चुंबक पुसतो. नदीतलं लोखंड काढायला मिरजेहून आणलाय. कमी ओढीचे चार चुंबक दुकानदाराला परत ठेवायला लावले, तेव्हा कुठं हा मिळाला. दोर नायलॉनचा, कारण सुती कुजतो. गाठ रोज तपासायची आणि काम झालं की चुंबक कोरडा करून त्यावर तेलाचं बोट फिरवायचं. त्यात हयगय मला खपत नाही.

काल कृष्णेच्या डोहातून एक विळा वर आला. गंज घासल्यावर पात्यावर ठोकलेले पाच ठिपके दिसले. तेल लावून तो बायकोपुढं, अंजनापुढं ठेवला.

तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवलं.

"ह्यो इळा माझ्या आबांनी घडवून दिल्याला. बाळंतपणात उशाखाली ठिवला हुता, बाळाला काय बाधू नये म्हणून. बाराव्या दिवशी पोरगी गेली, तवा मीच नदीत टाकला." मग हळूच म्हणाली, "तुमास्नी तवा रजा मिळाली न्हवती."

रजा मंजूर झाली होती. नेमबाजीच्या स्पर्धेसाठी मीच ती पुढं ढकलली होती.

चुंबक अजून ओला होता. मी तो पुसायला घेतला.