मनकर्णाबाईंच्या सायकलची बॅटरी

मी बॅटरी बोलतेय. टॉर्चमध्ये घातली, संपली की उकिरड्यावर गेली, तसली नव्हे. मी पुन्हा पुन्हा चार्ज होणारी, शिशाच्या प्लेटांची, पोटात तेजाब बाळगणारी. खरं तर मला मोटारसायकलीसाठी बनवलं होतं. ती मोटारसायकल तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराने नाल्यात घातली आणि मी कुरखेड्याला गुणवंतरावांच्या धान गिरणीत येऊन पडले.

गिरणीच्या इंजिनावर गुणवंतराव लोकांच्या बॅटऱ्या चार्ज करून देत. चार्ज होताना माझ्या पोटात बुडबुडे उठत. अशा गुदगुल्या होत, की मी फळीवर एकटीच खुदुखुदु करत बसे.

छप्पन साली, पौषाच्या कडाक्यात, ग्रामसेविका मनकर्णाबाई गिरणीत आल्या. सरकारने त्यांना सायकल दिली होती. साहेब पाहणीला येईपर्यंत ती चालवता आली नाही, तर त्यांची नोकरी जाणार होती. लोक हसतील म्हणून त्या शेजारच्या बुधरीला सोबत घेऊन पहाटेच्या अंधारात शिकत. पण ऐन रस्त्यात दिवा मान टाकी.

"भाऊ, थंडीनं बॅटरी मरून राह्यली. मले कोणती देता?"

"मोठी घ्या," गुणवंतराव म्हणाले. "मोठीत दम असते."

सोबत आलेली बुधरी म्हणाली, "बाई, त्याइच्या बोलण्यावर काऊन जाता? रातभर आंगनात ठेवू. सकाळी जे पेटन, ते आपली."

गुणवंतरावांनी तीन बॅटऱ्या काढून दिल्या आणि आम्ही तिघी रात्रभर अंगणात, दवात कुडकुडत पडलो. एका बाजूला ट्रकची थोराड बॅटरी, दुसऱ्या बाजूला रेडिओची, मध्ये मी. सकाळी बाईंनी एकेकीला बल्ब लावला. रेडिओची गप्पच. ट्रकची अर्धपोटी निजली होती. बल्बची तार नुसती लाल झाली. मी मात्र आदल्या दिवशी पोटभर चार्ज झाले होते. असा उजेड पाडला, की कोंबडा खुराड्यात आरवला.

बुधरी हसत सुटली. तिने मला घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून हँडलपुढच्या टोपलीत बसवलं. त्या दिवसापासून निघण्याआधी ती मला चुलीच्या उबेला ठेवी.

मग काय सांगू आमची मजा. बाई पेडल मारत, बुधरी कॅरिअर धरून मागे पळे, आणि मी पुढे धुकं कापत जाई. बाई पडल्या, की माझ्या पोटातलं तेजाब सांडे. एकदा पदराला भोक पडलं.

"हे बॅटरी लुगडं खाते," बुधरी म्हणाली, आणि दोघी रस्त्यातच बसून हसल्या.

एका पहाटे वडशाच्या रस्त्यावर बुधरीने हात सोडला आणि बाई सरळ जाऊ लागल्या. मला तर आभाळच ठेंगणं झालं. इतक्यात धुक्यात जीप दिसली. थंडीने तिचं इंजिन सुरू होत नव्हतं. ड्रायव्हर समोरून इंजिनात लोखंडी हँडल घालून फिरवत होता आणि बाजूला मफलर गुंडाळून खुद्द साहेब उभे होते.

"मनकर्णाबाई? थांबा जरा."

"नमस्ते साहेब," बाई तोल सांभाळत म्हणाल्या. "थांबताच येत नाई."

आणि आम्ही साहेबांच्या पुढून निघून गेलो. पुढे वळण होतं. वळायला तरी कुठे शिकलो होतो? सायकल, बाई आणि मी तणसीच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या ढिगात घुसलो.

साहेब धावत आले. बुधरी धापा टाकत आली. तणसीतून बाईंचे पाय तेवढे दिसत होते आणि माझा दिवा जळत होता. बाई बाहेर आल्या, केसांतली तणीस झटकली आणि मान खाली घालून उभ्या राहिल्या.

साहेबांनी बराच वेळ मफलरने तोंड झाकून ठेवलं. मग म्हणाले, "चालवता येते, एवढं मी पाहिलं. थांबण्याची परीक्षा उन्हाळ्यात घेऊ."

बाई नोकरीत राहिल्या. पुढे त्या गावोगाव फिरल्या आणि मला टोपलीत बसून तो सारा मुलूख पाहायला मिळाला.

आता माझ्या प्लेटा झडल्या आहेत. चार्ज केलं तरी बुडबुडे चार-दोनच येतात. उद्या मला मोडीत चांद्याला पाठवणार आहेत. तिथे शिसं वितळवतात म्हणे. वितळवणाऱ्या भाऊ, एक विनंती आहे. माझं काय करायचं ते करा, पण पत्रा करून छताला किंवा जोड करून नळाला लावून एका जागी बसवू नका. मला फिरायची चटक लागली आहे.