बापूसाहेबांच्या फ्लेक्समागे

मी ग्रामपंचायतीच्या दारातला सूचना फलक बोलतोय. गावात मला नुसता फळा म्हणतात. आयुष्यभर दुसऱ्यांचं म्हणणं अंगावर चिकटवून घेतलं, स्वतःचा एक शब्द काढला नाही. आज मात्र माझं डोकं फिरलंय, तेव्हा ऐकून घ्या.

बावड्याच्या सोनबा सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवलं. समोर काच बसवली, तिला छोटं कुलूप लावलं. बारामती-इंदापूर रस्त्यापासून जरा आत असलेल्या या गावात मला टेम्पोतून आणलं, तेव्हा सरपंचांनी नारळ फोडला होता. पाण्याची पाळी, गुरांचं लसीकरण, ग्रामसभेची तारीख, सगळं माझ्यावर लागायचं. माणसांची तऱ्हा अशी, की माझ्यासमोर उभी राहून ती शेजारच्याला विचारतात, "काय ल्हिलंय रं?" आणि शेजारचाही न वाचताच सांगून टाकतो.

एकटी कुशाबाई मला वाचायची. तिच्या दोन म्हशी गावच्या गायरानात चरतात. सकाळी डेअरीत दूध घालून परतताना ती रिकामी किटली खाली ठेवायची आणि काचेवर बोट फिरवत अक्षर न् अक्षर वाचायची. तिच्या बोटाचे डाग काचेवर राहायचे. मला ते आवडायचे.

आता मुद्द्याचं सांगतो. शहराच्या मनात आलं म्हणून त्याला शेजारचं गाव पोटात घालता येत नाही. कायद्याने तशी मोकळीक दिलेली नाही. आधी गावात नोटीस लावायची, हरकतीसाठी मुदत द्यायची, आलेल्या हरकती ऐकायच्या, मगच हद्द वाढवायची. आणि नोटीस माझ्यावर लागली, की कायद्याच्या लेखी ती अख्ख्या गावाने वाचली. एवढा भरवसा आहे माझ्यावर!

गेल्या वर्षी शेजारच्या नगरपालिकेची दोन माणसं आली. ग्रामसेवकांकडून किल्ली घेऊन त्यांनी हद्दवाढीची नोटीस काचेआड लावली, मोबाईलवर माझा फोटो काढला आणि निघून गेली. गाव शहरात जाणार, त्याबरोबर गायरानही जाणार, असं त्यात लिहिलं होतं. हरकतीला महिन्याची मुदत होती.

त्याच दुपारी तरुण मंडळाचा अध्यक्ष इंद्रजित आला. बरोबर गावचे पुढारी बापूसाहेब यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी जागा माझीच, म्हणून तो माझ्यावरच ताणून बांधला.

दुसऱ्या दिवशी कुशाबाई किटली घेऊन थबकली. "इंद्रजिता, ह्यो फ्लेक्स वाईच सार की. मागं कायतरी लावलंय."

"आजी, सायबांच्या फोटूला हात लावू व्हय? उद्या लोक म्हनतील, पोरगं दुसऱ्या पार्टीत गेलं!"

वाढदिवस झाला, केक कापला, फ्लेक्स तसाच. ग्रामसेवकांना नोटीस ठाऊक होती. तेही रोज बापूसाहेबांच्या फोटोकडे बघायचे आणि गुपचूप आत जायचे. मी मागे नुसता धुमसत होतो. अरे, ज्यांच्या मानापोटी थांबलात, त्यांचंही गाव जातंय की!

फ्लेक्स उतरला तो मुदत संपल्यावर, गणपतीचा फ्लेक्स लावायचा होता म्हणून. कुशाबाईने बोट ठेवून नोटीस वाचली आणि समोरच्या पारावर जाऊन सगळ्यांना सांगितली. माणसं गाड्या काढून शहरात धावली. पुढचं मी पारावरच्या बोलण्यातून ऐकलं. नगरपालिकेतल्या साहेबाने माझा फोटो दाखवला. नोटीस लावली होती, एकही हरकत आली नाही, विषय संपला. तिथून सगळे बापूसाहेबांकडे गेले, तर ते खवळले. "आरं, नोटीस लागली कुठं? मला कसं कुनी सांगितलं न्हाय?"

अंगणभर माणसं उभी होती. साहेब, ती तुमच्याच तोंडामागे होती, असं म्हणायला एकाचीही जीभ उचलली नाही. ग्रामपंचायत गेली. ग्रामसभा गेली.

या महिन्यात तीच दोन माणसं परत आली. गायरानात शहराचा कचरा डेपो होणार, हरकत असल्यास मुदतीत लेखी कळवावी. नोटीस लावली, फोटो काढला, गेली. आणि संध्याकाळी माझ्या अंगावर काय आलं? 'आपलं गाव झालं शहर! हार्दिक अभिनंदन!' पुन्हा बापूसाहेब, या खेपेला हात जोडून. लाज कशी वाटत नाही? म्हशींच्या तोंडचा चारा घालवलात आणि अभिनंदन कोणाचं करता?

आज सकाळी कुशाबाई आली. एका हातात किटली, दुसऱ्या हातात गवताचा विळा. पारावर माणसं बसली होती, इंद्रजितही होता. तिने कोणालाही विचारलं नाही. खसकन दोऱ्या कापल्या. बापूसाहेब धुळीत पालथे पडले. तिने काचेवर बोट फिरवत नोटीस शेवटपर्यंत वाचली.

"आजी, काय केलंस ह्ये!" इंद्रजित धावत आला.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं वाच. समद्यास्नी ऐकू जाऊ दी. अजून आठ दिस हायती."

इंद्रजितने एकदा फ्लेक्सकडे पाहिलं, एकदा विळ्याकडे. मग तो माझ्यासमोर उभा राहून वाचायला लागला. गायरानाचा गट नंबर आला तेव्हा पारावरची माणसं एकेक करून उठली आणि माझ्याजवळ आली.

माझं फार मागणं नाही. माझं काम संपलं की मला खुशाल चुलीत घाला. बाभळीचा आहे, चांगला जळेन. पण हे आठ दिवस माझ्या काचेवर कुशाबाईच्या बोटांशिवाय दुसरं काही नको.