तिसरं कस्टर्ड

टिल्लीने उकळतं दूध धबाधबा अंड्यांच्या बलकांवर ओतलं, आणि भांड्यात बघते तर काय, कसलं कस्टर्ड नि कसलं काय, नुसत्या पिवळ्या गुठळ्या!

"ओतलंस ना सगळं एकदम?"

आवाज बंद दाराआडून आला. टिल्ली चमचा हातात धरून तशीच उभी राहिली. गुठळ्या गेल्या उडत, ताई बोलली होती! आपणहून! दुकानाला कुलूप लागल्यापासून ताई त्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली. जेवायला हाक मारली की "ठेव बाहेर", संपलं. आई बोलून बोलून दमली, बाबा न बोलता दमले. आणि दुकान म्हणजे तरी काय, एक खिडकी आणि एक ओव्हन. पण ताईचं स्वतःचं होतं. वर्षभर तिने जिवाचं रान केलं, तरी नाहीच चाललं. उरले फक्त पांढरे खोके, केक भरून द्यायचे, घडीसुद्धा न मोडलेले. ते ताईच्या पलंगाखाली जाऊन बसले, आणि त्यांचं नाव कुणी काढायचं नाही, हे न सांगताच ठरलं.

म्हणून तर टिल्लीने आज हा घाट घातला होता. ताईचा तो चॉकलेट कस्टर्ड पाय, म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत कवचात भरलेलं कस्टर्ड, बाजारातून काही तयार न आणता, अगदी मैद्यात गार लोणी चोळण्यापासून. निदान वास तरी दाराखालून आत जाईल.

"आता काय करू?" तिने दाराकडे तोंड करून विचारलं.

"टाकून दे. परत कर. दूध थोडं थोडं घालायचं, आणि घालताना ढवळणं थांबवायचं नाही."

"मला दोनच हात आहेत!"

"तेवढेच लागतात."

तोवर बाबांनी भांडं जवळ ओढून गुठळ्या खायला सुरुवात केली होती.

"बाबा, ते टाकायचंय."

"टाकतोच आहे की. पोटात."

दुसऱ्या वेळी टिल्लीने जीभ दातांत धरून, एकेक पळी करत दूध घातलं. कोको, साखर, कॉर्नफ्लोअर, सगळं नीट मिसळलं. मंद गॅसवर ढवळता ढवळता ते जड व्हायला लागलं, चकाकायला लागलं, चमचा फिरवला की मागे वाट उमटायला लागली. जमतंय की! टिल्लीला नाचावंसं वाटलं.

"ताई, घट्ट होतंय!"

टिल्लीने आवाज आणखी चढवला.

"ताई, बघ ना येऊन!"

"होतंय ना? मग होऊ दे."

आणि पलंग कुरकुरला. ताई पुन्हा भिंतीकडे वळली होती.

टिल्लीचा चमचा हळू झाला. तिने दाराकडे पाहिलं, मग भांड्यात पाहिलं. इतकं सुंदर कस्टर्ड तिच्या हातून जन्मात झालं नव्हतं. तिने एक मोठा श्वास घेतला, गॅसचं बटण पार मोठ्यावर फिरवलं आणि ढवळणं थांबवलं.

बाबांनी पेपर खाली केला. बटणाकडे पाहिलं, टिल्लीकडे पाहिलं, आणि पेपर परत वर केला.

भांड्यातून गदगद आवाज यायला लागला. मग करपल्याचा वास.

"गॅस!" आतून ओरडा आला. "अगं गॅस बारीक कर! ढवळतेयस की झोपलीस?"

टिल्लीने चमचा भांड्यातच सोडून दिला.

"ए बावळट! ऐकतेयस का?"

दार धाडकन उघडलं. विस्कटलेले केस, चुरगळलेला गाऊन, अनवाणी ताई तीन ढांगांत ओट्यापाशी आली आणि तिने गॅस बंद केला. चमच्याने तळ खरवडला, तर काळाकुट्ट. मग वरवरचं बोटभर उचलून तिने चाखलं.

"अंडी आहेत अजून?"

"आहेत."

"आण. दूध तू ओत."

टिल्ली ओतत होती, ताई फेटत होती. सुरुवातीला ताईचं मनगट अडखळलं. मग त्याला आठवलं. गॅस बंद करून तिने चॉकलेटचे तुकडे आणि लोण्याचा गोळा आत सोडला, आणि सगळं काळंभोर, रेशमासारखं झालं. मग तिची नजर टिल्लीने भाजून ठेवलेल्या कवचावर गेली.

"हे असं एका अंगावर का झोपलंय?"

"तुझ्यावर गेलंय," टिल्ली बोलून गेली.

बाबांचा पेपर हलायचा थांबला. टिल्लीला वाटलं, झालं, घालवलं सगळं. पण ताईच्या नाकातून फुर्र असा आवाज आला आणि मग ती हसायलाच लागली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

कस्टर्ड भरून झालं. वर साय धरू नये म्हणून ताईने त्यावर कागद अलगद टेकवला.

"आत्ताच कापूया?"

"आत्ता कापलंस तर वाहून जाईल. सकाळी कापू," म्हणत ताईने पाय फ्रिजमध्ये ठेवला.

सकाळी. ताईच्या तोंडून हा शब्द ऐकून किती दिवस झाले होते!

ताईने करपलेलं भांडं घासायला घेतलं.

"दुसरं छान झालं होतं. चाखलं मी. अगदी शेवटपर्यंत जमलं होतं."

टिल्ली कोरडा ओटा परत पुसायला लागली.

"मग एकदम गॅस कसा काय वाढला गं?"

"बटण सैल आहे ते," बाबा पेपराआडून म्हणाले.

भांडं पालथं घालून ताईने हात पुसले, खोलीत गेली आणि दार लोटून घेतलं. टिल्लीचा चेहरा पडला. ती दाराजवळ जाऊन कान देऊन उभी राहिली.

आत काहीतरी जमिनीवरून सरकलं. पलंगाखालून ओढल्यासारखं. मग पुठ्ठा दुमडल्याचा आवाज, आणि कडा खाचेत बसल्यावर होतं ना, तसं टक्.

फ्रिजमध्ये पाय एकच होता. खोलीतून मात्र परत टक् झालं, आणि थोड्या वेळाने आणखी एकदा.